‘ग्रॅम निगेटिव्ह’ एवढ्यावर भागत नाही

एखाद्या शहराचे नाव बदलायचे म्हटले की ठराव, मोर्चे, याचिका आणि पाट्यांना डांबर असा सगळा कार्यक्रम आपल्याकडे होतो. २०२१ साली जीवाणूंच्या एका अवाढव्य घराण्याचे नाव एका शोधनिबंधातून बदलले आणि प्रयोगशाळांबाहेर कोणाला त्याचा पत्ताही लागला नाही. अहरोन ओरेन आणि जॉर्ज गॅरिटी या वर्गीकरणतज्ज्ञांनी सूक्ष्मजीवांच्या ४२ संघांची नावे नव्या नियमांत बसवून जाहीर केली. त्यात १९८८ पासून पाठ्यपुस्तकांत रुळलेले ‘प्रोटिओबॅक्टेरिया’ गेले आणि त्याच्या जागी ‘स्यूडोमोनाडोटा’ आले. सूक्ष्मजीवशास्त्रज्ञांनी नाके मुरडली, नाराजीचे लेखही छापून आले. बाकी सारे शांत.

घराणे मात्र घरोघरी ओळखीचे आहे. कॉलरा, टायफॉइड, प्लेग, डांग्या खोकला आणि परमा यांचे जीवाणू याच घराण्यातले. लघवीच्या संसर्गाच्या रिपोर्टवर वारंवार दिसणारा ई. कोलाय आणि अतिदक्षता विभागाची झोप उडवणारे क्लेबसिएला व ॲसिनेटोबॅक्टर हेही इथलेच. पण सोयाबीनच्या मुळांवर गाठी धरून हवेतला नत्र जमिनीत आणणारा जीवाणूही याच घराण्यात मोडतो. समुद्राच्या पृष्ठभागालगत अफाट संख्येने राहणारा पेलाजिबॅक्टर इतका चिमुकला की त्याची लांबी एक मायक्रोमीटरही भरत नाही. याउलट ग्वाडलूप बेटावरच्या खारफुटीत सापडलेला आणि २०२२ साली जाहीर झालेला थायोमार्गारिटा मॅग्निफिका सुमारे एक सेंटिमीटर लांब, म्हणजे नुसत्या डोळ्यांना दिसणारा. इतकी विविधता एका घराण्यात असेल तर त्या घराण्यात कोण कोणाचा कोण लागतो, हे नीट ठाऊक असायला हवे.

नावे बदलतात म्हणून डॉक्टर, प्राध्यापक आणि विद्यार्थी कुरकुर करतात, ती समजण्यासारखी आहे. आपल्याकडचे खरे दुखणे मात्र वेगळे आहे. आपल्याकडे अनेकदा जीवाणूला त्याचे नाव विचारलेच जात नाही. ‘ग्रॅम निगेटिव्ह दिसतोय’ किंवा नुसते ‘इन्फेक्शन आहे’ एवढ्यावर औषध सुरू होते आणि पुढचा तपास राहूनच जातो.

‘ग्रॅम निगेटिव्ह’ म्हणजे काय, ते आधी पाहू. हान्स ख्रिश्चन ग्रॅम हा डॅनिश डॉक्टर बर्लिनमध्ये कार्ल फ्रिडलँडर यांच्याकडे काम करत होता. न्यूमोनियाने दगावलेल्या रुग्णांच्या फुफ्फुसांच्या कापांत जीवाणू स्पष्ट दिसावेत म्हणून त्याने जांभळा रंग, मग आयोडीन आणि मग अल्कोहोल अशी कृती बसवली. १८८४ साली ती प्रसिद्ध झाली. काही जीवाणू रंग धरून ठेवत, काहींचा धुऊन जात असे. आपली पद्धत अपुरी आहे, पण दुसऱ्या कोणाच्या तरी हातून ती उपयोगी ठरेल, अशा आशयाचे त्याने स्वतःच लिहून ठेवले. रंग गेलेल्या जीवाणूंना सॅफ्रॅनिनने गुलाबी करण्याची रीत नंतर आली. जगभरच्या प्रयोगशाळांत ही ‘अपुरी’ पद्धत आजही रोज वापरली जाते.

रंग टिकतो किंवा जातो तो पेशीच्या भिंतीमुळे. ग्रॅम पॉझिटिव्ह जीवाणूची भिंत जाड असते. ग्रॅम निगेटिव्हची भिंत पातळ असते, पण तिच्या बाहेर आणखी एक पटल असते. या बाहेरच्या पटलामुळे वैद्यकाची बरीच पंचाईत होते. व्हँकोमायसिनसारखा मोठा रेणू त्यातून आत शिरू शकत नाही. जे रेणू शिरतात त्यांना बाहेर फेकणारे पंपही या जीवाणूंकडे असतात. पटलातला लायपोपॉलिसॅकराइड रक्तात उतरला की ताप चढतो, रक्तदाब कोसळतो आणि रुग्ण शॉकमध्ये जाऊ शकतो. म्हणून ग्रॅमची ती गुलाबी काडी पाहून डॉक्टर सावध होतात, हे योग्यच आहे. ही तपासणी काही मिनिटांत होते आणि स्वस्तही असते.

अडचण तिच्या पुढे सुरू होते. भिंतीची रचना सारखी असली म्हणून वंश एक असतो असे नाही. आतड्यातले बॅक्टेरॉइडिस, लेप्टोस्पायरोसिसचे नागमोडी जीवाणू आणि तळ्यातले निळे-हिरवे सायनोबॅक्टेरिया हेही ग्रॅम निगेटिव्हच, पण प्रोटिओबॅक्टेरियांशी त्यांचे जवळचे नाते नाही.

जीवाणूंची खरी नाती शोधून काढली कार्ल वूज यांनी. अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात बसून या माणसाने वर्षानुवर्षे एकच रेणू वाचला. प्रत्येक जीवाच्या पेशीत प्रथिने बनवणारे रायबोसोम असतात आणि जीवाणूंच्या रायबोसोममधला १६ एस आरएनए फार सावकाश बदलतो. दोन जीवांच्या या रेणूंत जितका फरक, तितके त्यांचे पूर्वज एकमेकांपासून दूर. जॉर्ज फॉक्स यांच्यासह १९७७ साली त्यांनी जीवाणूंसारख्या दिसणाऱ्या आर्किआंचा सुभाच वेगळा करून दाखवला. पुढे १९८७ मध्ये त्यांनी जीवाणूंची सविस्तर वंशावळ मांडली. तिच्यात एका मोठ्या शाखेला ‘जांभळे जीवाणू आणि त्यांचे नातलग’ म्हटले होते, कारण तिच्यातले काही जीव जांभळ्या रंगद्रव्याने प्रकाशावर जगतात. ज्याला प्रकाशाशी काही देणेघेणे नाही असा ई. कोलाय त्यांचा नातलग निघेल, हे कोणाच्या मनातही नव्हते. पुढच्याच वर्षी स्टॅकेब्रांट, मरे आणि ट्रुपर यांनी या शाखेला रूपे पालटणाऱ्या ग्रीक सागरदेवाच्या नावावरून प्रोटिओबॅक्टेरिया म्हटले. पोटशाखांना अल्फा, बीटा, गॅमा, डेल्टा, एप्सिलॉन अशी ग्रीक अक्षरे मिळाली.

ती अक्षरे शिकलेल्या पिढीला आता काही पुसून टाकावी लागत आहेत. संपूर्ण जीनोम वाचता येऊ लागल्यावर डेल्टा हे एक कुटुंब नव्हतेच, असे दिसून आले. २०२० मध्ये ते फोडून डिसल्फोबॅक्टेरोटा, मिक्सोकॉकोटा, डेलोव्हिब्रिओनोटा असे स्वतंत्र संघ सुचवले गेले. एप्सिलॉन त्याआधीच बाहेर पडला होता. जठरव्रणाचा हेलिकोबॅक्टर पायलोरी हा त्या एप्सिलॉनमधला. बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांना ज्याच्यासाठी २००५ चा नोबेल मिळाला तो हाच. तो आधी कँपिलोबॅक्टर म्हणवला जात होता आणि १९८९ मध्ये हेलिकोबॅक्टर झाला. बीटाला तर जीनोमवर आधारलेल्या एका मोठ्या माहितीकोशाने गॅमाच्या पोटात एक गण म्हणून बसवले आहे. सगळ्यांना ते मान्य नाही. राहिला अल्फा. तो मात्र आपल्या रोजच्या जगण्यात फार खोलवर गेला आहे.

आपल्या बहुतेक पेशींत ऊर्जा तयार करणारे मायटोकाँड्रिया कोणे एके काळी स्वतंत्र जीवाणू होते, हे लिन मार्ग्युलिस यांनी १९६७ मध्ये ठासून मांडले. आधी त्यांची टिंगल झाली. नंतर जनुकांचा पुरावा त्यांच्या बाजूने उभा राहिला. मायटोकाँड्रियाचा पूर्वज अल्फा शाखेतला होता की तिचा सख्खा शेजारी, एवढाच वाद आता उरला आहे. त्याच शाखेतला वोल्बाकिया हा कीटकांच्या पेशींत राहतो. इंडोनेशियातल्या योग्यकार्ता शहरात वोल्बाकिया असलेले एडिस डास सोडण्याच्या चाचणीत डेंग्यूचे रुग्ण ७७ टक्क्यांनी घटले. पुदुच्चेरीच्या व्हेक्टर कंट्रोल रिसर्च सेंटरनेही असे डास तयार केले आहेत.

अल्फामधले रायझोबियम आणि त्याचे भाऊबंद तर महाराष्ट्राच्या शेतीतलेच. पेरणीआधी दहा किलो बियाण्याला २५० ग्रॅम जीवाणू खत चोळायचे आणि बियाणे सावलीत सुकवायचे, ही शिफारस मराठवाडा-विदर्भातल्या शेतकऱ्याला पाठ असते. पण कृषी सेवा केंद्रात जाऊन ‘रायझोबियम द्या’ एवढेच म्हणून भागत नाही. सोयाबीनला ब्रॅडीरायझोबियम लागतो. तो सावकाश वाढणारा, म्हणून १९८२ मध्ये रायझोबियमपासून वेगळा काढलेला. हरभऱ्याच्या मुळांवर गाठी धरतो तो मेसोरायझोबियम. एकाचे पाकीट दुसऱ्याला चोळले तर गाठींची आशा नाही आणि शेतकरी म्हणणार, ‘जीवाणू खत सगळे थोतांड.’ ज्वारीचे ॲझोस्पिरिलमही अल्फातलेच, पण ते गाठी करत नाही. ॲझोटोबॅक्टर थेट गॅमा शाखेतले. उसाला देतात ते ‘ॲसिटोबॅक्टर’ ब्राझीलमध्ये उसातच सापडले आणि शास्त्रज्ञांनी ते केव्हाच ग्लुकोनॅसिटोबॅक्टर या नावाखाली नेले. शेतकऱ्याच्या तोंडी जुने नाव राहिले म्हणून बिघडत नाही. पाकिटावर मात्र जातीचे नाव, पीक आणि वापराची शेवटची तारीख ठसठशीत हवी.

अल्फाची दुसरी बाजू २०१८ च्या पावसाळ्यात विदर्भाने पाहिली. नागपूर आणि आसपासच्या जिल्ह्यांत स्क्रब टायफसचे रुग्ण आढळले, काही दगावले. ओरिएंटिया हा त्याचा जीवाणू १९९५ पर्यंत रिकेट्सिया म्हणून ओळखला जात असे. गवतात, झुडपांत राहणाऱ्या माइटच्या अळ्या चावल्याने तो अंगात शिरतो आणि पेशींच्या आत राहतो. नेहमीच्या कल्चरमध्ये तो वाढत नाही आणि महागड्या पेनिसिलिनवर्गीय इंजेक्शनांना दाद देत नाही. डॉक्सिसायक्लिनच्या स्वस्त गोळ्यांनी हा आजार बरा होतो. चावलेल्या जागेची काळी खपली कोणी शोधली आणि वेळेत हे नाव डोक्यात आले, तर रुग्ण घरी जातो.

आता स्यूडोमोनासकडे वळू. ज्याच्या नावावर सगळ्या संघाचे नवे नाव बेतले आहे, तो स्यूडोमोनास हा वंश कित्येक दशके वर्गीकरणाची अडगळीची खोली होता. ग्रॅम निगेटिव्ह, काडीसारखा, शेपटीने पोहणारा, साखर न आंबवणारा असा जो जीवाणू कुठेच बसेना, तो तिथे ढकलला जाई. १९७३ मध्ये पॅलेरोनी आणि सहकाऱ्यांनी आरएनएच्या कसोटीवर या खोलीतल्या सामानाचे पाच ढीग केले. त्या ढिगांतून पुढे बर्कहोल्डेरिया, स्टेनोट्रोफोमोनास असे वेगळे वंश निघाले. सबंध संघाला नेमके याचेच नाव मिळावे, ही नियतीची थट्टाच म्हणायची.

त्या पाच ढिगांतल्या एकाशी कोकण, गोवा आणि कारवारच्या किनाऱ्याचा थेट संबंध आहे. १९११-१२ च्या सुमारास रंगूनमध्ये आल्फ्रेड व्हिटमोर आणि त्यांचे भारतीय सहकारी सी. एस. कृष्णस्वामी यांनी एका नव्या रोगाचे वर्णन केले. त्याचे नाव मेलिऑइडोसिस. जीवाणू चिखलात आणि भातखाचरांत राहतो. पावसाळ्यात तो जखमेतून, श्वासातून किंवा पाण्यातून शरीरात शिरतो. मधुमेह असलेला माणूस त्याचे आवडते सावज. फुफ्फुसात, यकृतात, प्लीहेत, सांध्यात गळू करत तो क्षयरोगाचे सोंग काढतो. मँगलोर, मणिपाल भागातल्या रुग्णालयांनी त्याचे रुग्ण मोठ्या संख्येने नोंदवले, गोव्यातूनही नोंदी झाल्या. १९९२ पर्यंत या जीवाणूचे नाव स्यूडोमोनास स्यूडोमॅलाय असे होते, आज तो बर्कहोल्डेरिया स्यूडोमॅलाय आहे.

नावातला हा बदल लहान वाटेल, पण परिणाम मोठे आहेत. छोट्या प्रयोगशाळेत हा जीवाणू वाढला की रिपोर्टवर सर्रास ‘स्यूडोमोनासची जात’ असे लिहिले जाते. काही वेळा तर बाहेरून मिसळलेला म्हणून तो टाकूनही दिला जातो. डॉक्टर आठवडाभर इंजेक्शने देतात, ताप उतरतो, रुग्ण घरी जातो आणि काही महिन्यांनी रोग उलटतो. मेलिऑइडोसिसला किमान दहा ते चौदा दिवस शिरेतून सेफ्टाझिडिम किंवा मेरोपेनेम लागते आणि त्यानंतर सुमारे तीन महिने को-ट्रायमॉक्सॅझोलच्या गोळ्या. साध्या स्यूडोमोनासला असले काही करावे लागत नाही. गंमत अशी की त्याला ओळखायला कोटींचे यंत्र लागत नाही. जेंटामायसिन, कोलिस्टिन आणि को-ॲमॉक्सिक्लॅव या तीन औषधांच्या चकत्या पुरतात. पहिल्या दोघींना दाद देत नाही आणि तिसरीपुढे नमतो, अशी साखर न आंबवणारी काडी दिसली की संशय घ्यायचा आणि नमुना पुढे पाठवायचा. हा धडा किनारपट्टीच्या प्रत्येक प्रयोगशाळेच्या भिंतीवर चिकटवला पाहिजे.

अतिदक्षता विभागात भेटणारा स्टेनोट्रोफोमोनास हाही त्याच अडगळीतून बाहेर आला. तो स्यूडोमोनास होता, मग झँथोमोनास झाला आणि १९९३ मध्ये आजचे नाव मिळाले. अनेक रुग्णालयांत शेवटचे अस्त्र समजले जाणारे मेरोपेनेम त्याच्यावर जन्मजात निकामी आहे. जो रुग्ण मेरोपेनेमवर आहे त्यालाच हा संसर्ग व्हायची शक्यता जास्त. तिथे जुने, स्वस्त को-ट्रायमॉक्सॅझोल कामी येऊ शकते. कोलिस्टिनचेही तसेच. ‘बाकी सगळे हरले, आता कोलिस्टिन’ असे म्हणताना समोर प्रोटिअस, सेराशिया किंवा बर्कहोल्डेरिया असेल, तर रुग्णाच्या मूत्रपिंडांना औषधाचा त्रास होईल, जीवाणूला काहीच होणार नाही. हे तिघे स्वभावतःच कोलिस्टिनला जुमानत नाहीत. ‘ग्रॅम निगेटिव्ह’ या दोन शब्दांत ही माहिती कुठे आहे?

याच घराण्यातला झँथोमोनास सोलापूर, नाशिकच्या डाळिंब बागायतदारांना तेल्या रोगाच्या रूपाने माहीत आहे. त्याच्यावर स्ट्रेप्टोमायसिन असलेली औषधे फवारली गेली. स्ट्रेप्टोमायसिन हे क्षयरोगावर परिणामकारक ठरलेले पहिले प्रतिजैविक. बागेतला जीवाणू आणि माणसातला जीवाणू ही दोन खाती आपण वेगळी ठेवतो. जीवाणू ती तशी ठेवत नाहीत. खाद्यासाठी पाळलेल्या जनावरांत कोलिस्टिन वापरायला केंद्र सरकारने २०१९ मध्ये बंदी घातली, ती याच कारणाने. चांगला निर्णय होता.

इथे एक आक्षेप घेतला जाईल आणि तो घ्यायलाच हवा. जनुके एका जातीतून दुसरीत उड्या मारत असतील, तर जातीच्या नावाला किती किंमत द्यायची? एनडीएम-१ चे उदाहरण बोलके आहे. नवी दिल्लीत उपचार घेऊन स्वीडनला परतलेल्या रुग्णाच्या क्लेबसिएलामध्ये प्रतिजैविके निकामी करणारे हे विकर सापडले, त्याला दिल्लीचे नाव दिले गेले आणि २०१० मध्ये आपल्याकडे मोठा गदारोळ झाला. राष्ट्राच्या अपमानावर जितकी चर्चा झाली, तिच्या निम्मीसुद्धा त्या जनुकावर झाली नाही. त्याचे जनुक प्लास्मिड या डीएनएच्या सुट्या कड्यावर बसून ई. कोलाय, ॲसिनेटोबॅक्टर अशा नातलगांकडे आणि लांबच्या सोयऱ्यांकडेही जाते. म्हणून नावासोबत कोणते औषध चालते याची चाचणी हवीच, नुसते नाव पुरत नाही. पण नावाशिवाय ती चाचणीही नीट वाचता येत नाही, कारण कोणत्या जातीसाठी कोणती मोजपट्टी लावायची हे जात कळल्यावरच ठरते.

२०१६ मध्ये एंटेरोबॅक्टेरिएसी हे मोठे कुळ सात कुळांत विभागले गेले, तेव्हा हा प्रश्न रुग्णालयांच्या दारात आला. प्रोटिअस, मॉर्गनेला, सेराशिया जुन्या कुळाबाहेर गेले. कार्बापेनेमला (मेरोपेनेमच्या औषधवर्गाला) दाद न देणाऱ्या जीवाणूंवर लक्ष ठेवण्याचे नियम मात्र जुन्या कुळाच्या नावाने लिहिलेले होते. शब्दशः वाचले तर सेराशिया नियमातून सुटला असता. मग नियमांत ‘एंटेरोबॅक्टेराल्स’ हे वरच्या गणाचे नाव आले. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२४ च्या यादीतही धोकादायक जीवाणूंच्या पहिल्या गटात हेच नाव आहे.

नाव बदलणे नेहमी बरोबर असते का? नाही, आणि याचा उत्तम दाखला प्लेगचा आहे. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात हा रोग ओळखला तो डॉ. अकासिओ व्हिएगस या मूळच्या गोव्याच्या डॉक्टरांनी. त्याच्या दोनच वर्षे आधी हाँगकाँगमध्ये अलेक्झांडर यर्सिन यांनी त्याचा जीवाणू शोधला होता. पुढचे १८९७ साल महाराष्ट्राला कधीच विसरता येणार नाही. जानेवारीत वाल्डेमार हाफकिन यांनी मुंबईत तयार केलेली लस आधी स्वतःला टोचून घेतली. १० मार्चला पुण्यात प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले त्याच रोगाने गेल्या. जूनमध्ये प्लेग कमिशनर रँडवर चापेकरांनी गोळ्या झाडल्या.

१९८० मध्ये डीएनएच्या तपासणीतून निष्पन्न झाले की हा यर्सिनिया पेस्टिस म्हणजे यर्सिनिया स्यूडोट्युबरक्युलोसिस या बऱ्याच सौम्य जीवाणूची एक शाखा आहे. वर्गीकरणाच्या नियमाने त्याला त्या जातीची उपजात करणे रास्त होते आणि तसा प्रस्तावही आला. १९८५ मध्ये आंतरराष्ट्रीय नामकरण संस्थेच्या न्यायिक आयोगाने तो फेटाळला. रिपोर्टवरचे लांबलचक नाव अर्धे वाचून कोणी पोटदुखीचा जीवाणू समजला आणि तो प्लेग निघाला तर काय, ही भीती होती. वंशावळीच्या दृष्टीने निर्णय चुकीचा, सार्वजनिक आरोग्याच्या दृष्टीने अगदी बरोबर. आमांशाचा शिगेला खरे तर ई. कोलायच्याच पोटातला, पण त्याचेही वेगळे नाव याच शहाणपणाने टिकून आहे.

ही भीती काल्पनिक नव्हती हे १९९४ ने दाखवले. ऑगस्टमध्ये बीड जिल्ह्यातल्या मामला गावात गाठीच्या प्लेगची बातमी आली, सप्टेंबरमध्ये सुरतेत फुफ्फुसांचा. लाखो माणसे सुरत सोडून पळाली, काही देशांनी विमाने बंद केली, पन्नासहून अधिक मृत्यू झाले. आणि हा प्लेगच आहे की दुसरे काही, यावर देशातले तज्ज्ञ दीर्घकाळ वाद घालत राहिले. प्लेगवरचे काम दशकानुदशके मागे पडले होते, त्याला झटपट आणि निःसंशय ओळखण्याची तयारी कमी पडली. ज्या मुंबईत त्याच्या सुमारे शंभर वर्षे आधी हाफकिनने प्रयोगशाळा थाटली, तिच्या राज्यात हे व्हावे याची खंत वाटायला हवी.

म्हणून नावांच्या वादावरचे मत असे: पाठ्यपुस्तकांनी नवी नावे विनाविलंब घ्यावीत, रुग्णालयांच्या रिपोर्टवर काही वर्षे नवे नाव लिहून कंसात जुने द्यावे, आणि जिथे गोंधळ जिवावर बेतू शकतो तिथे जुनेच राहू द्यावे. ‘स्यूडोमोनाडोटा’ला डॉक्टरांनी घाबरायचे कारण नाही, संघाच्या नावाने औषध ठरत नाही. वंशाच्या आणि जातीच्या नावाने ठरते.

मोठे काम वेगळेच आहे. वर्गीकरण हा आपल्या विद्यापीठांत दुय्यम समजला जाणारा विषय आहे, तो करणाऱ्याला ना निधी मिळतो ना मान. पुण्यात २००९ पासून सूक्ष्मजीवांचा जगातल्या मोठ्या संग्रहांपैकी एक उभा आहे. राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचा औद्योगिक सूक्ष्मजीवांचा संग्रह त्याहून जुना. पण नव्या जातीला अधिकृत नाव मिळवायचे तर तिचा नमुना दोन वेगळ्या देशांतल्या संग्रहांत सर्वांसाठी खुला ठेवावा लागतो. जैवविविधता कायद्याच्या परवानग्यांमुळे भारतीय संशोधकांचे हे काम अडते, ही तक्रार जुनी आहे. आपले जीवाणू परदेशी कंपन्यांनी फुकट नेऊ नयेत हा कायद्याचा हेतू योग्य आहे. नाव देण्यापुरता नमुना पाठवायला सुटसुटीत वाट काढणे मात्र सरकारच्या हातात आहे, आणि ती काढली पाहिजे.

राज्य सरकारने प्रत्येक जिल्हा रुग्णालयात कल्चर करणारी, प्रशिक्षित सूक्ष्मजीवतज्ज्ञ असलेली प्रयोगशाळा चालती ठेवावी. केवळ उद्घाटन झालेली नको. तिथे कोणत्या जातीचे किती जीवाणू सापडले आणि त्यांच्यावर कोणती औषधे चालली याचा तक्ता दरवर्षी जाहीर करावा. कोकणातल्या आणि गोव्यातल्या प्रयोगशाळांना त्या तीन चकत्यांचे प्रशिक्षण आधी द्यावे. २०१४ पासून लागू असलेल्या एच-१ यादीनुसार अनेक प्रतिजैविकांच्या विक्रीची नोंद औषध दुकानदाराने ठेवायची असते. ती वही अधूनमधून कोणीतरी उघडून पाहावी.

रुग्णाच्या नातेवाइकांनाही एक काम करता येते. मोठे अँटिबायोटिक सुरू होणार असे कळले की डॉक्टरांना अदबीने विचारावे, ‘कल्चरला नमुना पाठवला का?’ रुग्ण अत्यवस्थ असेल तर औषध लगेच सुरू करावेच लागते, रिपोर्टची वाट पाहता येत नाही. पण रक्त किंवा लघवीचा नमुना घ्यायला काही मिनिटेच लागतात, आणि तो औषधाच्या पहिल्या डोसच्या आधी घ्यायचा असतो. डोस गेल्यानंतर घेतलेल्या नमुन्यात जीवाणू वाढण्याची शक्यता बरीच कमी होते.